भिंतीतला वारा

रूनाच्या मानेवरचे केस ओले लागले तेव्हा सिग्नीला आधी वाटलं, दूध ओघळलं असेल. तिने बोटं नाकाशी नेली. दुधाचा आंबूस वास नव्हता. घाम होता. चार महिन्यांच्या पोरीला घाम, तोही जानेवारीत, बाहेर पापण्या एकमेकींना चिकटाव्यात अशी थंडी पडलेली असताना. आणि मग, उशाजवळच्या घड्याळाची टिकटिक एकाएकी ऐकू यायला लागावी तसा तिला तो आवाज ऐकू आला. तळघरातली भट्टी चालू होती. सकाळपासून चालूच होती. विनिपेगमध्ये भट्टीचा आवाज कोणी ऐकत नाही. ती पेटते, जमिनीतल्या जाळ्यांमधून ऊन हवा सोडते, गप्प होते, पुन्हा पेटते, आणि माणसं त्या श्वासावर आपला स्वयंपाक करतात, भांडतात, झोपतात. आज ती श्वास नुसता सोडत होती, घेत नव्हती. खिडकीच्या काचेवर रोज पहाटे उमटणारी बर्फाची पानंफुलं वितळून चौकटीच्या लाकडात मुरली होती. फ्रीजवरची केळी काळी पडली होती. सिग्नीच्या अंगात ग्रँटचा जाड स्वेटर होता आणि तो अंगात आहे की नाही, हे बघितल्याशिवाय तिला सांगता आलं नसतं. तिला उकडत नव्हतं. गार वाटत होतं असंही नाही. बरेच दिवस झाले, हवामान तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ते बाळाच्या मानेला हात लावून वाचावं लागत होतं.

तिने रूनाचे कपडे उतरवले. एकेक बटण काढताना पोरगी तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात काही मागणं नव्हतं, आणि तेच सिग्नीला सोसत नसे. रडणारं मूल तिला जमायचं. रडण्याला उत्तरं असतात: दूध, लंगोट, खांदा. पण हे शांत बघणं म्हणजे कुणीतरी समोर येऊन बसावं, ओळख द्यावी, आणि आपल्याला नावच आठवू नये. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, गारठलेलं बाळ ओरडून घर डोक्यावर घेतं. तापलेलं मात्र मुकाट्याने झोपत जातं, त्याला सांभाळा. सिग्नीने ते वाक्य जसंच्या तसं पाठ केलं होतं. तिने सगळंच पाठ केलं होतं. इतर बायकांना जे आतून उमगतं म्हणतात ते ती शाळेतल्या कवितेसारखं घोकून करत असे, आणि अजून कुणाला संशय आला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ग्रँटचा फोन आला. तो उत्तरेला धरणाच्या कामावर होता. तिकडे पंधरवडा काढायचा, मग आठवडाभर घरी. भट्टी बंद होत नाही म्हटल्यावर तो खूश झाल्यासारखाच झाला. लांब राहणाऱ्या माणसाला घरातलं काहीतरी बिघडलेलं आवडतं. त्याला त्यात हात घालता येतो. त्याने विचारलं, थर्मोस्टॅटची तबकडी खाली करून पाहिलीस का. पंख्याचं बटण नीट आहे का. खाली जाऊन गाळणी तुंबलीय का ते बघ. आणि भट्टी बंद करायच्या जिन्यातल्या लाल बटणाला हात लावू नकोस, हे मात्र त्याने दोनदा सांगितलं. भट्टी म्हातारी झाली होती, एकदा विझली की पुन्हा पेटेलच असं नव्हतं, आणि या थंडीत भट्टी विझलेल्या घराचं काय होतं ते त्यांनी समोरच्या गल्लीत पाहिलं होतं: नळ फुटले, छतातून पाणी आलं आणि आलं तिथेच गोठलं, जिन्यावरून बर्फाचा धबधबा. मग तो म्हणाला, आईला पाठवू का? सिग्नी म्हणाली, नको.

"तू ठीक आहेस ना, सिग?"

"भट्टीला झालंय रे. मला काय झालंय?"

तो हसला. तिने त्याला बरोबर त्याच जागी हसवलं होतं, जिथे तो थांबून आणखी काही विचारणार होता.

हेझल, म्हणजे ग्रँटची आई, नदीपलीकडे राहत असे. हात जड, बोलणं सडेतोड, मनाने वाईट नाही. पहिले दोन महिने ती रोज यायची. भांडी घासायची, सूप करून डब्यात भरून ठेवायची आणि रूनाला मांडीवर घेऊन तिच्याशी कुत्र्याच्या पिल्लाशी बोलावं तसं बोलायची. रूना खुदकन हसायची. ते हसणं सिग्नीने दाराआडून पाहिलं होतं. नंतर हळूहळू तिने हेझलला नको म्हणायला सुरुवात केली. आज आम्ही झोपणार आहोत. आज मैत्रीण येतेय. एकदा हेझल फोनवर म्हणाली, "बरं बाई. तुझं घर, तुझी पोर." सिग्नीला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून तशीच उभी राहिली होती. हेझलचे डोळे बारीक होते. त्यांना दिसलं असतं. आणि एकदा दिसलं की पुढे काय होतं, ते सिग्नीला ठाऊक होतं. तिच्यावरून ते एकदा गेलेलं होतं.

तिने गाळणी पाहिली, स्वच्छ होती. पंख्याचं बटण जागेवर होतं. भट्टीच्या झरोक्यातून निळ्या ज्योतींची रांग दिसत होती, एकसारखी, शहाण्यासारखी. तिथे काही बिघडलेलं नव्हतं. कुणीतरी सांगतंय म्हणून ती जळत होती. वर येऊन सिग्नी रूनाच्या खोलीत गेली, कारण थर्मोस्टॅटची तबकडी तिथे होती. आधी ती जेवायच्या खोलीत होती. ऑक्टोबरात, रूना महिन्याची असताना, ग्रँटने एका रविवारी ती तिथून काढून इथे आणून बसवली. त्याचं म्हणणं, जिथे बाळ झोपतं तिथली ऊब मोजली पाहिजे, जेवायच्या टेबलाला काय करायचीय ऊब. त्याने पाळण्याशेजारच्या भिंतीला भोक पाडलं, तार ओढली, तबकडी बसवली, गुडघ्यावर बसून खाली पडलेला भुसा बोटांनी टिपला आणि वर बघून म्हणाला, आता ही खोली घराची राणी. त्याच्या भुवयांवर चुना होता. सिग्नीला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली होती की तिला रडू फुटलं, आणि आत्ता तबकडीसमोर उभं राहून तिला वाटलं, ती शेवटची. त्यानंतर दाटून असं काही आलंच नाही.

तबकडीला दोन काटे होते. एक आपण फिरवायचा, दुसरा खोलीची ऊब दाखवणारा. पहिला तिने सगळ्यात खाली नेऊन ठेवला होता. दुसरा त्याच्याही खाली पडलेला होता. पाळण्याच्या गजांना हात लावला तर ते तव्याच्या कडेसारखे लागत होते, मेणाचं खेळणं बसून चपटं झालं होतं, आणि काटा म्हणत होता, इथे थंडी आहे. फार थंडी आहे. आणखी जाळा.

सिग्नी खाली बसली. तिला तिची आई दिसली. आठवली नाही, दिसली: फिकट निळ्या गाऊनमध्ये, जमिनीतल्या जाळीवर बसलेली, खालून येणाऱ्या हवेने गाऊन फुगलेला. आल्दिस तिचं नाव. ती दिवसदिवस तिथे बसायची. घरात बाकीच्यांनी बाह्या वर सारलेल्या असायच्या, बाबा बनियनवर पेपर वाचायचे, मावश्या आल्या की दारातच कोटाबरोबर स्वेटरही काढायच्या आणि म्हणायच्या, अगं बाई, हे घर की पावाची भट्टी. आणि आई म्हणायची, थंडी वाजतेय. सात वर्षांची सिग्नी तिच्या हातांवर फुंकर घालायची. हात गरमच असायचे. तेच तिला कळत नसे, आणि एकदा तिने ते म्हटलंही होतं: "आई, तुझे हात तर गरम आहेत." आईने तिच्याकडे बघितलं. खोटं पकडलं गेल्यावर माणूस बघतं तसं नाही. कुणीतरी आपली भाषा बोलेल म्हणून थांबलो होतो आणि तेही नाही बोललं, तसं. त्याच हिवाळ्यात आईला विश्रांतीसाठी म्हणून इस्पितळात नेलं, आणि सिग्नीला तळ्याकाठी गिम्लीला, अम्माकडे, म्हणजे आजीकडे. काही दिवसांकरता. ते काही दिवस तिचं लग्न होईपर्यंत पुरले. आई रविवारी यायची, केक आणायची, पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची, आणि जाताना सिग्नीच्या गालाला गाल लावायच्या आधी किंचित थांबायची, जणू परवानगी विचारत. कुणी दुष्टपणा केला नव्हता. सगळे चांगलेच होते. अम्माने तर जीव लावला. पण एका बाईने आपल्याच घरात एक वाक्य खरं सांगितलं आणि तिचं मूल दुसऱ्या घरी वाढलं, एवढं सिग्नीला पक्कं समजलं होतं. रूनाची अम्मा म्हणजे हेझल. हेझलकडे एक रिकामी खोली होती. पिवळा रंग देऊन ठेवलेली.

रूना कुरकुरली. तिच्या गालांवर लाल चट्टे आले होते. खिडक्यांना हिवाळ्यापुरतं प्लास्टिक ताणून बसवलेलं, त्यामागच्या चौकटी गोठून घट्ट, उघडायचा प्रश्नच नव्हता. घरात गार अशी एकच जागा होती, समोरचा काचेचा व्हरांडा, जिथे बूट, फावडं आणि गोठवलेले मासे राहायचे. अम्मा सगळ्या पोरांना तिथेच झोपवायची. गिम्लीच्या त्या घरी व्हरांड्यात बाबागाडी असायची आणि तिच्यात कुणी ना कुणी लोकरीत गुंडाळलेलं झोपलेलं असायचं, फक्त नाक बाहेर. फार थंडी आहे का हे ठरवायची अम्माची रीत होती: कॉफीचा कप घेऊन, कोट न घालता तिथे उभं राहायचं. कप संपेपर्यंत राहवलं तर बाळही राहील. घोट अर्धाच ठेवून आत पळावंसं वाटलं तर आज नाही. ऑक्टोबरात सिग्नीने रूनाला असं झोपवलं होतं तेव्हा हेझल नेमकी दारात आली. तिने गाडीतलं मूल उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "तुम्ही तळ्याकाठची माणसं पोरं काय माशांसारखी वाऱ्यावर वाळवता की काय?" ग्रँट हसला होता, सिग्नीही हसली होती. पण संध्याकाळी ग्रँटने तिच्याकडून हळूच कबूल करून घेतलं, आईला बरं वाटेल म्हणून, पुन्हा नको.

सिग्नीने कॉफी ओतली. ग्रँटचा स्वेटर काढून ठेवला आणि कप घेऊन व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आतल्या भिंतीची धग तिथपर्यंत झिरपत होती; काचा मात्र पांढऱ्या. तिने शेवटच्या घोटापर्यंत कप संपवला. रूनाला लोकरीचा अंगरखा, त्यावर अम्माने विणलेली पिशवी, टोपी, असं सगळं जिथल्या तिथे घालून तिने गाडीत ठेवलं. गार हवा नाकाला लागताच पोरीने एक मोठा उसासा टाकला आणि डोळे मिटले. सिग्नीने दार नुसतं लोटलं, फट ठेवून, हाक ऐकू यावी म्हणून. मग ती पेचकस घेऊन आली.

तबकडीचं झाकण निघालं. आत एक काचेची इवली नळी, आणि तिच्यात पाऱ्याचा थेंब एका टोकाला जाऊन बसलेला. तिने बोटाने नळी किंचित कलती केली. थेंब घरंगळला, खाली तळघरात काहीतरी टक् झालं. बोट काढलं, थेंब परत गेला, भट्टी पुन्हा भडकली. म्हणजे तबकडीही शाबूत होती. ती नुसती जे जाणवतंय ते सांगत होती. सिग्नीने दोन पेच काढून तबकडी भिंतीपासून थोडी पुढे ओढली, आणि तिच्या मनगटावर, आतल्या मऊ बाजूला, वारा लागला. बारीक, दोऱ्यासारखा. तिने हात तिथेच ठेवला. ग्रँटने पाडलेलं भोक बोट जाईल एवढं होतं आणि तार जाऊन उरलेली जागा तो बुजवायची विसरला होता. भिंत बाहेरची. या जुन्या घरांच्या भिंतींत लाकडाचा भुसा भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं बसत खाली जातो आणि वरची भिंत आतून रिती होते. काल वारा उत्तरेचा झाला होता. बाहेरच्या फळ्यांतून तो आत शिरत होता, रित्या भिंतीतून चढत होता आणि या एका भोकातून सरळ तबकडीच्या पाठीत येत होता. सगळं घर तिच्यासाठी जळत होतं, आणि ती उभी होती तिथे थंडीच होती. काटा खोटं बोलत नव्हता. सिग्नीच्या तोंडून, कुणाला उद्देशून कोण जाणे, "हो गं," एवढंच गेलं.

तिने खणातून रूनाचा जोडी हरवलेला लोकरीचा मोजा घेतला आणि पेचकसाच्या टोकाने तो भोकात कोंबायला लागली. मोजा आत जाईना. तारेला अडकत होता. तिने तो काढला, उसवून त्याची लोकर मोकळी केली, थोडी थोडी भरत गेली. भुशाचे बारीक ढलपे बाहेर येऊन तिच्या बोटांना चिकटत होते, त्यांना अजून देवदाराचा वास होता. ती जीभ ओठांत धरून काम करत होती, लहानपणी अम्माजवळ बसून मासे धरायच्या जाळ्याच्या गाठी मारायची तशी. वारा कमी झाला, मग नुसती शंका उरली, मग तीही गेली. तिने तबकडी पुन्हा बसवली, पेच आवळले आणि दोन्ही तळवे तिच्याभोवती ओंजळीसारखे धरून उभी राहिली. काटा हलेना. ती उभी राहिली. तिच्या डोक्यात काही नव्हतं. किती दिवसांनी काही नव्हतं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, ती कुणाला वाचत नव्हती. तळव्यांना धातूचा गारठा कळत होता आणि तो हळूहळू उतरताना कळत होता. स्वेटर काढलेल्या अंगाला खोलीचा उकाडा जाणवला, पाठीवरून घामाची एक धार निघाली, आणि तिला ती आवडली. काटा चढायला लागला. एक रेघ. आणखी एक. पाऱ्याचा थेंब थरथरला, थांबला, आणि एकदम घरंगळून पलीकडच्या टोकाला गेला. खाली टक् झालं. पंखा उरलेली हवा ढकलत राहिला, मग तोही दमत दमत थांबला.

शांतता आली. जाळ्या गप्प झाल्या, पत्र्याच्या नळ्या आखडताना दोनचारदा वाजल्या आणि मग तेही नाही. सिग्नी स्वतःशी हसली. तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, मी केलं. तिने वळून पाळण्याकडे पाहिलं. पाळणा रिकामा होता.

तिला कळेना. पाळणा रिकामा का आहे, हे तिला खरोखरच कळेना. तिने गादीवर हात ठेवला. खिडकीतलं ऊन मघाशी भिंतीवर होतं, ते आता दाराच्या उंबऱ्यापाशी गेलेलं होतं. किती वेळ झाला? आणि मग तिचे पाय तिच्या आधी धावले. स्वयंपाकघर, बोळ, दार. व्हरांड्याचं दार, जे तिने फट ठेवून लोटलं होतं, ते वाऱ्याने की घरातल्या हवेच्या रेट्याने, पक्कं लागलेलं होतं. तिने ते ओढलं.

रूना झोपली होती. नाकपुड्यांशी वाफेचा इवला ढग उठत होता, विरत होता. टोपीच्या काठावर त्याच वाफेचे पांढरे कण जमले होते. गाल सफरचंदासारखे. सिग्नीने पिशवीत हात घातला. छाती ऊबदार, पाय ऊबदार, मान कोरडी. काही झालेलं नव्हतं. अम्माने पाहिलं असतं तर म्हणाली असती, छान झोपलीय, राहू दे अजून. सिग्नीने तिला उचललं तेव्हा पोरगी जागी झाली आणि तोंड वाकडं करून, गोड झोप मोडल्याच्या रागाने रडायला लागली, आणि सिग्नीने तेव्हा तिला छातीशी घट्ट आवळलं. थंडी म्हणून नाही. बाळाचं काही झालं असतं म्हणूनही पुरतं नाही. भिंतीपाशी उभी असताना तिला मूल आहे हेच तिच्या मनातून गेलं होतं, आणि तेवढा वेळ तिला बरं वाटत होतं. हे दोन्ही खरं होतं, एकाच वेळी, आणि घरात आता दुसरा कुठलाही आवाज नव्हता ज्याखाली ते झाकावं.

आतल्या खोलीत फोन वाजत होता. हेझल. तिने नको म्हटलेलं ग्रँटने ऐकलं नव्हतं तर. सिग्नीने रूनाला खांद्यावर घेऊन फोन उचलला. हेझल नमस्कार-चमत्कार न करताच सुरू झाली: ग्रँटने सांगितलं, भट्टीचं काय ते, तिच्या ओळखीचा एक माणूस आहे, पण तो येणार संध्याकाळी, तोवर ती स्वतः येऊन बघू शकते, अर्थात सिग्नीला चालणार असेल तर, नाहीतर ती आपली घरीच बरी आहे, टीव्ही आहे, कुत्रा आहे.

"भट्टीचं झालं," सिग्नी म्हणाली. "बंद झाली. मी केली."

"तू?" हेझलच्या आवाजात खरंच कौतुक होतं, आणि त्याखाली, दडवलेला, थोडा हिरमोड. "बरं झालं मग. काम मिटलं. मग काय, ठेवू?"

सिग्नीने तोंड उघडलं. हो म्हणायचं, आभार मानायचे, रविवारी जेवायला या म्हणायचं. सगळं पाठ होतं. पिवळी खोली तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, खुर्चीच्या कडेवर केकचा डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई उभी राहिली, आणि त्या बाईचा चेहरा तिचा स्वतःचा होता. रूना तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती. ते हुंदके ओले, ऊन, तिच्याच कातडीवर होते.

"हेझल, मी तिला विसरले होते."

"कुणाला?"

"रूनाला. व्हरांड्यात ठेवलं होतं. आणि मी विसरले. ती बरी आहे, आत घेतलीय, बरी आहे. पण मी विसरले, आणि विसरले होते तोवर मला बरं वाटत होतं. भट्टीचं झालंय. तरी तुम्ही या."

सिग्नी फोनला कान लावून उभी राहिली. माशांचं काहीतरी येईल. किंवा तो दुसरा, फार गोड आवाज येईल, ज्यात बाबा आईशी शेवटी शेवटी बोलायचे.

"तू उभी आहेस का?" हेझलने विचारलं.

"हो."

"बस आधी. खाली, जमिनीवर बस. बसलीस?"

"बसले."

"पोरीला पाजायला घे. नाही प्यायली तर नाही, तोंडाशी धर नुसती. आणि फोन ठेवू नकोस. काही बोलू नकोस, पण ठेवू नकोस. मी बूट घालतेय."

सिग्नी जमिनीवर भिंतीला टेकून बसली. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून तिने रूनाला पदराआड घ्यावं तशी शर्टात घेतली. पोरीने दोनदा तोंड फिरवलं, मग धरलं. फोनमधून एका बुटाची चेन वर गेल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याची, अर्ध्यात अडकली, शिवी, मग गेली. हेझल कुत्र्याला रागावली. किल्ल्या इथेच होत्या, असं स्वतःशी म्हणाली, मग खण उघडले, बंद झाले. ती धापा टाकत होती. तिचं वय होत आलं होतं आणि हे सिग्नीने कधी मोजलं नव्हतं. मध्येच, खण उपसता उपसता, ती म्हणाली, "ग्रँट झाला तेव्हा मी त्याला एकदा किराण्याच्या दुकानात ठेवून घरी आले होते. बटाटे आणले होते बरोबर. कुणाला सांगितलेलं नाही मी हे, त्यालाही नाही." आणि लगेच, "सापडल्या," म्हणाली.

दार आपटलं. बर्फावरून पावलं, करकर, करकर, सावकाश. गाडीचं दार. इंजिन एकदा खोकलं आणि बसलं. पुन्हा खोकलं. सिग्नीला वाटलं, नाहीच होणार, या थंडीत नाहीच होणार, आणि हे सगळं सांगून आपण इथे अशाच बसून राहणार. तिसऱ्यांदा ते कण्हलं, अडखळलं, आणि मग सुरू झालं.

"आहेस ना गं?" हेझलने आवाज चढवून विचारलं, इंजिनाच्या वर.

"आहे," सिग्नी म्हणाली.